खोके तेच, खेळ नवा

रात्री दुकानाची पाटी बदलावी आणि सकाळी त्याच फळ्यांवर निराळा माल मांडलेला दिसावा, तसा प्रकार आपल्यापैकी पुष्कळांनी व्हिडिओ गेमच्या दुकानात पाहिला असेल. कालपर्यंत ज्या यंत्रात विमाने उडत होती, त्याच यंत्रात आज दोन मल्ल एकमेकांना लाथा मारीत आहेत! प्लायवूडचे खोके तेच, सैल झालेला दांडा तोच, काचेच्या कोपऱ्यातली चीरही तीच. आतला खेळ मात्र पालटलेला. मुलांना त्याचे नवल वाटे आणि मोठ्यांना संताप येई, कारण जुन्या खेळाचा कंटाळा येऊन मुलगा आता घरी बसेल, ही त्यांची आशा त्या एका रात्रीत मावळलेली असे.

आमच्या भोपाळात अशी दुकाने न्यू मार्केटच्या मागल्या गल्ल्यांत होती, जुन्या शहरात होती, भेलच्या वसाहतीलगतच्या बाजारांतही होती. १९५६ च्या नोव्हेंबरात नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला आली. तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर जी मराठी कुटुंबे इकडे आली, त्यांच्या नातवंडांनी १९९० च्या दशकात या दुकानांच्या उंबऱ्यावर बरेच रुपये वाहिले. घरात ‘शुभंकरोति’ आणि दुकानाच्या दारात ‘को खाँ’, अशी त्यांची दुहेरी भाषा. पुढे घरोघरी संगणक आले, मग हातोहाती फोन आले आणि ती दुकाने एकेक करून मिटली. खोकी भंगारात गेली. परंतु त्या खोक्यांचे पोट उघडून त्यांत नवा जीव घालण्याची जी विद्या होती, तिची कथा मोठी मनोरंजक आहे, आणि ती आमच्या घरच्या पडवीपर्यंत येऊन पोहोचली आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

ही विद्या कोठून निघाली हे पाहावयाचे तर अमेरिकेत जावे लागते. तेथे १९८० च्या सुमारास नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांचे अमाप पीक आले होते. यंत्र विकत घेणाऱ्याला दोन हजार डॉलरांहून अधिक रक्कम मोजावी लागे आणि ती पंचवीस-पंचवीस सेंटांच्या नाण्यांनी वसूल व्हावयाची. खेळ नवा असेतो नाण्यांची पेटी भरून वाहे. परंतु खेळणारी मुले काही मूर्ख नसतात. ती खेळाची खोड ओळखतात आणि मग एकाच नाण्यावर तासन्‌तास यंत्र अडवून बसतात. मालकाच्या दृष्टीने असा निष्णात खेळाडू म्हणजे एका चहावर दिवसभर बाकडे अडवणारे गिऱ्हाईक!

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘पॅक-मॅन’. जपानच्या नामको कंपनीतील तोरू इवातानी यांनी रचलेला हा खेळ १९८० साली बाजारात आला. एक पिवळे वाटोळे तोंड चक्रव्यूहातील २४० ठिपके आणि ४ मोठ्या गोळ्या खात हिंडते व चार भुते त्याच्या मागे लागतात, एवढेच त्याचे कथानक. त्यातली मौज भुतांच्या स्वभावात आहे. तांबडे भूत सरळ पाठलाग करते. गुलाबी भूत खेळाडू जेथे आहे तेथे न जाता तो जेथे पोहोचणार त्या जागेचा रोख धरते. उरलेल्या दोघांच्याही आपापल्या तऱ्हा आहेत. मात्र हे सगळे स्वभाव ठरीव. खेळाडूने प्रत्येक वेळी अगदी तीच वळणे त्याच क्षणी घेतली, तर भुतेही प्रत्येक वेळी त्याच वाटेने येतात. हे एकदा ध्यानात आल्यावर मुलांनी वळणांचे पाढे पाठ केले. पाढा चुकला नाही तर भूत गाठत नाही. इवातानींच्या भुतांची भीती अशी पाठांतरापुढे हरली.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेत डग मॅक्रे आणि केव्हिन करन हे दोन विद्यार्थी होते. वसतिगृहांत अशी यंत्रे ठेवून ते दोन पैसे मिळवीत. त्यांच्यापाशी अटारी कंपनीची ‘मिसाइल कमांड’ ही यंत्रे होती. आकाशातून पडणाऱ्या क्षेपणास्त्रांपासून सहा शहरे वाचवावयाची, असा तो खेळ. पहिल्या बहरानंतर त्याची मिळकत घसरू लागली. नवे यंत्र घ्यावे तर तितके पैसे नाहीत. मग आहे त्याच यंत्रातला खेळ अवघड का करू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. मित्र जमवून त्यांनी जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन अशा भारदस्त नावाची कंपनी काढली, एका घरात बसून मूळ खेळाची आज्ञावली उलगडली आणि १९८१ साली ‘सुपर मिसाइल अटॅक’ नावाचे जोडकाम तयार केले. किंमत २९५ डॉलर. मालकाने पाकीट उघडावे, छोटे बोर्ड बसवावे आणि मरगळलेले यंत्र पुन्हा कमावते करावे. नव्या यंत्राच्या किमतीपुढे ही रक्कम म्हणजे किरकोळ. जोडकाम हातोहात खपले.

अटारीला हे रुचणे शक्यच नव्हते. आमचा खेळ, आमची आज्ञावली आणि तुम्ही पोरांनी तिला हात लावावा? कंपनीने दीड कोटी डॉलरांचा दावा ठोकला. येथवर ही कथा बलाढ्य आणि दुबळ्याच्या नेहमीच्या वळणाने जाते. पुढे मात्र ती वेगळे वळण घेते. मुले डगमगली नाहीत. आम्ही तुमची आज्ञावली विकतच नाही, ती मालकापाशी आधीच आहे, आम्ही विकतो ती फक्त आमची भर, असा त्यांचा पवित्रा होता. १९८१ च्या ऑक्टोबरात तडजोड झाली. दावा मिटला आणि अटारीनेच या मुलांना दरमहा ५० हजार डॉलर देऊन दोन वर्षे आपल्यासाठी खेळ तयार करण्याच्या कामी लावले! एकच अट होती. मूळ उत्पादकाच्या संमतीवाचून पुन्हा असे जोडकाम विकावयाचे नाही.

त्या सुमारास मुलांनी ‘पॅक-मॅन’चेही जोडकाम करीत आणले होते. नाव ‘क्रेझी ऑटो’. आता संमती हवी म्हणून ते अमेरिकेत ‘पॅक-मॅन’ तयार करणाऱ्या मिडवे कंपनीच्या दारी गेले. मिडवेलाही नव्या खेळाची निकड होतीच. तिने त्या जोडकामाचा स्वतंत्र खेळ केला आणि १९८२ च्या आरंभी ‘मिस पॅक-मॅन’ बाजारात आला. पॅक-मॅनच्या जोडीला पॅक-बाई, केसांत तांबडी फीत, गालावर तीळ. या नावाचीही एक गंमत आहे. आधी सुचलेले ‘मिस’ हे कुमारिकेचे संबोधन होते. परंतु खेळाच्या मध्यंतरातील छोट्या दृश्यांत नायक-नायिकेची भेट होते, प्रेम जमते आणि शेवटी करकोचा बाळ आणून टाकतो. मग कुमारिका कशी म्हणावयाची? तेव्हा विवाहाचा उल्लेखच टाळणारे इंग्रजी संबोधन घेतले गेले. मराठी कानाला दोन्ही ‘मिस’च ऐकू येतात, ही गोष्ट अलाहिदा. ही यंत्रे एक लाखाहून अधिक खपली. जे जोडकाम म्हणून जन्मले, त्याने मूळ खेळाच्या मांडीला मांडी लावली.

आता हे जोडकाम बसते कसे, हे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सगळी करामत तेथेच आहे. पॅक-मॅनच्या बोर्डावर झेड-८० नावाची चाळीस पायांची चिप असते. हा त्या यंत्राचा मेंदू. खेळाची सारी आज्ञावली शेजारच्या चिप्समध्ये साठवलेली असते आणि ती अवघ्या १६ किलोबाइटांची आहे. आपण वाचीत आहात या लेखाची अक्षरे संगणकात साठवावयास त्याहून अधिक जागा लागते! जोडकाम बसवताना मेंदूची चिप तिच्या बैठकीतून उपटावयाची, तिच्या जागी पट्टीसारख्या तारांचे टोक खोचावयाचे आणि ती चिप जोडबोर्डावर बसवावयाची. आता मेंदू काही विचारू लागला की प्रश्न आधी जोडबोर्डापाशी जातो. जेथे जुने उत्तर चालण्यासारखे असते तेथे जोडबोर्ड मूळ आज्ञावली तशीच पुढे करते. जेथे नवे उत्तर हवे तेथे आपले ठिगळ लावते. आठ-आठ बाइटांची अशी चाळीस ठिगळे आहेत, आणि त्यांच्या आधाराने नवी आज्ञावली चालते. चक्रव्यूह एकाचे चार झाले, जागच्या जागी थांबणारी फळे हिंडू लागली आणि मुख्य म्हणजे भुतांच्या चालीत थोडा लहरीपणा आला. पाठ केलेले पाढे वाया गेले.

आम्हांस यात सर्वांत भावते ते हे, की मूळ आज्ञावलीचे एक अक्षरही पुसलेले नसते. जोडबोर्ड जागे झाले नाही, तर यंत्र मुकाट्याने जुनाच पॅक-मॅन खेळू लागते. चित्रांच्या चिप्स तेवढ्या बदललेल्या असल्याने केसांत फीत राहते. आपल्या संगीत नाटकांतून हेच घडत आले आहे. उत्तरेकडची मूळ चीज आपल्या जागी शाबूत असते. तिच्या चालीवर नाटककार मराठी पद बांधतो आणि प्रेक्षक पदाला ‘वन्समोअर’ देतात. जाणत्याला पदाखालची चीज ऐकू येतेच.

हिंदुस्थानात मात्र ही विद्या निराळ्या अंगाने वाढली. १९८५ साली जपानमधील उत्पादकांच्या संघटनेने यंत्रातील तारांच्या जोडणीचे एक सामाईक प्रमाण ठरवले. संघटनेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘जामा’ म्हणतात. (आपल्या ओळखीच्या जामानिम्याशी त्याचा काही संबंध नाही, परंतु अंगरखा बदलावा तसा खेळ बदलता यावा, हाच त्याचा हेतू!) एका कडेला २८ आणि पलीकडे २८ असे ५६ संपर्क असलेली ती एक पट्टी. वीज, चित्र, आवाज, दांडा, बटणे आणि नाणे, सगळ्यांच्या तारा त्या एका पट्टीत. मग कोणत्याही कंपनीचे बोर्ड कोणत्याही खोक्यात चालू लागले. आपल्याकडची बहुतेक खोकी गावातल्याच सुताराने ठोकलेली असत. त्यांत दूरचित्रवाणीचा संच, ही पट्टी आणि बाहेरून आलेले बोर्ड. की झाले यंत्र. रातोरात खेळ पालटावयाचा तो असा.

मूळ बोर्ड महाग, म्हणून नकला आल्या. काही नकलाकार तर मूळ कंपनीच्याही पुढे गेले. जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर टू’ने १९९१ पासून जगभर धुमाकूळ घातला होता. १९९२ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्तीच्या चिप्स बदलून कोणीतरी ‘रेनबो’ नावाचा एक भन्नाट पाठभेद बाजारात सोडला. मल्ल हवेत असतानाच अग्निगोळे फेकीत, आणि लढता लढता एका मल्लाचा दुसरा होई! खेळ म्हणून तो वेडगळ होता, पण मुलांना आवडला. कॅपकॉमने केवळ कपाळावर हात मारला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस वेगवान खेळाची आपली अधिकृत आवृत्ती आणली आणि जुन्या बोर्डांसाठी ती चिप्सच्या संचाच्या रूपानेही दिली. चोराने दाखवलेल्या वाटेने सावकार निघाला, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु त्याच कंपनीने नकलाकारांचा बंदोबस्त करण्यासाठी योजलेला दुसरा उपाय आमच्या पडवीतल्या यंत्राच्या मुळावर आला. हे यंत्र जुन्या शहरातील एका बंद पडलेल्या दुकानातून भंगाराच्या भावाने आले. खेळ ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, सन १९९३. हे नाव भारतात क्वचितच कोणी घेई. त्यातील पिवळ्या टोपीच्या नायकावरून सारा देश त्याला ‘मुस्तफा’ म्हणतो. मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवर तो आधारलेला आहे. अनेक दुकानांतून याच्या नकला चालत. योगायोग असा की आमच्याकडे आले ते अस्सल बोर्ड, आणि अस्सल होते म्हणूनच ते मेलेले होते!

याचे कारण समजावून घेण्याजोगे आहे. नक्कल करता येऊ नये म्हणून या बोर्डातील आवाज सांभाळणाऱ्या मेंदूची आज्ञावली सांकेतिक लिपीत लिहिलेली असते. ती उलगडण्याची किल्ली त्या मेंदूच्याच पोटात असते आणि एका छोट्या बॅटरीच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते, मेंदू निरक्षर होतो आणि खेळ कामातून जातो. चित्रे सांभाळणाऱ्या बोर्डावरही अशीच एक बॅटरी आहे. नकलाकारांनी मात्र नक्कल करताना हे कुलूपच काढून टाकले होते. परिणाम असा की चोरीची बोर्डे आजही चालतात आणि पूर्ण दाम मोजून घेतलेली अस्सल बोर्डे आपोआप मरतात. ज्याने कुलूप लावले त्याला तीस वर्षांनंतरचा मालक दिसला नाही, हे समजू शकते. परंतु आपल्या वस्तूला असा मरणकाळ नेमून ठेवणे आमच्या मनाला काही पटत नाही.

जगभरच्या हौशी मंडळींनी यावर तोड काढली. त्या सांकेतिक मेंदूच्या जागी साधी झेड-८० चिप, म्हणजे पॅक-मॅनमधलीच ती वडीलधारी, बसवावयाची. तिला वाचता येईल अशी कुलूप काढलेली आज्ञावली नव्या चिपमध्ये भरून द्यावयाची. आणि चित्रांच्या बोर्डाला बॅटरीची गरज उरू नये म्हणून खेळाच्या मुख्य चिप्सही तशाच बदलावयाच्या. झाला जीर्णोद्धाराचा संच.

आमचे शेजारी भेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. डाख देण्यात त्यांचा हात असा, की पाहत राहावे. त्यांच्या नातवाने आधी वेगळा सल्ला दिला. साठ खेळ असलेले तयार बोर्ड बाजारात मिळते, ते पट्टीत खोचा आणि मोकळे व्हा. सल्ला व्यवहारी होता. परंतु त्या साठांपैकी एकाही खेळासाठी हे खोके घडले नव्हते, आणि तशा बोर्डांवरचे खेळ मूळ कंपन्यांना विचारून घेतलेले असतात असेही नाही. स्वतःच्या यंत्राची दुरुस्ती वेगळी आणि दुसऱ्याच्या मालाची साठवण वेगळी, असे शेजाऱ्यांनी सांगितले. आम्हीही त्यांच्याच मताचे.

कामाचा पहिला नियम त्यांनी आल्या आल्या घालून दिला. भिंतीतून प्लग काढावयाचा आणि चित्रनळीला हात लावावयाचा नाही. वीज बंद केल्यानंतरही या काचेच्या नळीत हजारो व्होल्टांचा भार दडून राहतो. संच बसवावयास नळीला शिवण्याचे कारणही नसते. मग प्रत्येक तारेचे छायाचित्र घेतले. खोक्याच्या तळाशी वाळवीने आपला चक्रव्यूह खोदला होता. तेवढा तुकडा कापून नवा बसवला. नाण्याच्या पेटीत १९९० च्या दशकातील दोन रुपयांची कोपरेदार नाणी, एक चपटे केलेले लोखंडी वायसर आणि बडीशेपेची पुडी सापडली. वायसर कोणाचे असेल, याचा तर्क शेजाऱ्यांच्या मुलाने केला आणि तो घाईने आत गेला.

बोर्डाचे थर मोकळे केल्यावर जुनी चिप अलगद उतरवली. तिच्या जागी आधी बैठक डाखली आणि मग नवी चिप तीत बसवली, म्हणजे पुढच्या वेळी डाख वितळवावा लागू नये. चिपच्या एका टोकाला अर्धचंद्राकृती खाच असते, ती बैठकीच्या खाचेशी जुळलीच पाहिजे. उलटी बसली तर वीज देताच चिप जळून जाते. चाळीस पायांपैकी एखादा आत दुमडला तरी वरून दिसत नाही, म्हणून भिंग लावून पाहावे. आज्ञावलीच्या चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. तिच्यातून अतिनील प्रकाश गेला की आतला मजकूर पुसला जातो. म्हणून त्या खिडकीवर कागद चिकटवावा लागतो. आमच्या चिपवर शेजाऱ्यांनी हळदीकुंकवाच्या निमंत्रणपत्रिकेमागची चंदेरी पट्टी कापून लावली. ती उत्तम बसली.

एवढे करूनही लगोलग वीज दिली नाही. बोर्डाला पाच व्होल्ट लागतात. वीजपुरवठ्याच्या डब्यापाशी पाच भरत होते, पण पट्टीच्या टोकाशी, म्हणजे प्रत्यक्ष बोर्डावर, साडेचारच पोहोचत होते. भोपाळच्या तीस पावसाळ्यांनी संपर्कांवर हिरवट थर चढवला होता, त्याचा हा प्रताप. खोडरबराने आणि स्पिरिटने छप्पन्नच्या छप्पन्न संपर्क घासले, डब्यावरचा स्क्रू किंचित फिरवला आणि काटा पाचावर आणला. मग पट्टी खोचली. पट्टी उलटी बसू नये म्हणून तीत एक आडकाठी असावयास हवी. गावठी खोक्यांत ती बहुधा नसते, आमच्यातही नव्हती. शेजाऱ्यांनी लाल रंगाने वरची बाजू खूण करून ठेवली.

वीज दिल्यावर पडदा काही क्षण काळाच राहिला. नळी तापावयास वेळ लागतो हे सर्वांना ठाऊक होते, तरी कोणी बोलेना. मग आकडे झरझर सरकले, संगीत वाजले आणि डायनोसॉर पडद्यावर आला. नातवाने आजोबांना डावीकडचा दांडा दिला व स्वतः उजवीकडचा घेतला. हा खेळ मुळात तिघांचा आहे. तिसऱ्यासाठी बोर्डावर वेगळी जोडणी असते. आमच्या खोक्याला तिसरा दांडा कधी नव्हताच, त्यामुळे ती जोडणी मोकळी आहे. आणखी एक गोष्ट या संचाने साधत नाही. वीज गेली की उच्चांक पुसले जातात. त्यासाठी खोक्याच्या बाजूला दोरीने एक वही बांधली आहे.

उतरवलेली जुनी चिप आम्ही टाकलेली नाही. पायांना वाकण्याची भीती असते म्हणून ती थर्माकोलच्या तुकड्यात रोवून पेढ्याच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि डबा खोक्याच्या आतच खिळ्याला अडकवला. झाकणाच्या आतल्या बाजूस कागद चिकटवला आहे. कोणती चिप कोठून काढली, तेथे काय बसवले, कोणती तार नवी, व्होल्ट किती ठेवले आणि तारीख. सगळे शेजाऱ्यांच्या कारखान्यातल्या सवयीच्या ठसठशीत अक्षरांत, मराठीत आणि खाली हिंदीतही.